कोपरा फाटलेलं कार्ड

रिठदहून कन्याकुमारीला मोटारसायकलवर जायचं, हे खूळ माझ्या डोक्यात चहाच्या टपरीवर शिरलं. सत्तर सालानंतरची ती वर्षं. टपरीवर एकजण म्हणाला, "तुही गाडी त रिसोडलेबी धड पोचत नाही," आणि मी सगळ्यांसमोर कन्याकुमारीचं बोलून बसलो. रागात बोललेलं मागे घेणं मला जन्मात जमलं नाही. गाडी जुनी, दुसऱ्याने वापरून सोडलेली. कचेरीतून महिन्याची रजा काढली, मागे वळकटी बांधली आणि बायकोला शब्द दिला की दर तिसऱ्या दिवशी एक कार्ड टाकीन. आई रडली. वडील मात्र, पोरगा समुद्र पाहून येणार, असं गावभर सांगत सुटले.

हैदराबादपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. कर्नूलच्या पुढे भर उन्हात बंद पडली ती पडलीच. दोन्हीकडे आमच्यासारखीच काळी जमीन, पण माणूस भेटला तरी त्याची भाषा कळेना. किक मारून मारून पाय भरून आला, गाडीला आईबहिणीवरून शिव्या देऊन झाल्या. शेवटी झाकण उघडलं तर ठिणगी पाडणारे पॉइंट काळे पडलेले. ते घासायला कडक कागद हवा होता. खिशात सकाळीच लिहून ठेवलेलं घरचं कार्ड होतं. त्याचा कोरा कोपरा फाडला, पॉइंटमध्ये घालून चार वेळा ओढला. पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली. मी एवढा खूश झालो की शीळ घालत पुढचं गाव गाठलं आणि तिथल्या पेटीत कार्ड टाकून दिलं.

आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड मयताची खबर आणतं. असं कार्ड लोक घरात घेत नाहीत, वाचायलासुद्धा धजत नाहीत. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा आठवलं नाही, एवढंच.

समुद्र पाहिला. तिथे उभा असताना मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. महिनाभराने गावात शिरलो तेव्हा वाटलं होतं, लोक गाडीभोवती गोळा होतील. टपरीवरची माणसं जागची उठलीसुद्धा नाहीत, नुसती बघत राहिली. घरी आई मला घट्ट धरून रडली आणि मग पाठीत दणके घालू लागली. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिच्या दोन्ही हातांत एकही बांगडी नव्हती.

मी रिसोडच्या बाजारातून बांगड्या आणतो म्हणालो, तर ती म्हणाली, "मले नोका आनू." का ते दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सांगितलं.

कार्ड दुपारी आलं होतं. टपालवाल्याने ते कोणाच्या हातात दिलं नाही. ओट्यावर ठेवून वर दगड ठेवला आणि खालमानेने निघून गेला. शिक्का तिकडचा, म्हणजे खबर माझीच. आईने हंबरडा फोडला, शेजारच्या म्हाताऱ्या धावत आल्या.

"मी मनलं, अक्षर त्यायचंच आहे, मेलेला मानूस कार्ड कसा लिहीन? वाचून त पाहा. पन मले हात लावू देत नोते अन् कोनी आयकूनबी नाही राह्यलं. दोघीनं हात धरले, एकीनं दगड घेतला."

"बांगड्या? आपल्या घरात?" मी ओरडलोच. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी घरातले देव स्वतः पोत्यात भरून नदीत सोडले होते. या असल्या रीती आता आपल्यात नाहीत, असं ते सभेत ठणकावून सांगत. "अन् बाबा काय करत होते?"

"खाली पाहून उभे होते."

कार्ड आलं त्या संध्याकाळी माझी विधवा वहिनी शेतातून आली. तिने डोक्यावरचा भारा टाकला, दगड बाजूला केला आणि कार्ड उचलून बायकोच्या हातात दिलं. बायकोने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. प्रकृती उत्तम, गाडी झकास चालते, काळजी नसावी.

माझं डोकं फिरलं. वडील आत चहा पीत बसले होते. आज त्यांना सोडायचं नाही म्हणून मी ताडकन उठलो, तर बायको म्हणाली, "कोनाले बोलाले चालले? वयनीच्या टायमाले तुमी कुठं होते?"

आवाज चढवून नाही, सरळ विचारलं. मला बसावंच लागलं.

मोठा भाऊ आदल्या वर्षी तापाने गेला होता. वहिनीला याच अंगणात बसवलं होतं आणि मी तिथेच होतो. मी एक शब्द बोललो नाही. काचेचे तुकडे कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून झाडू मात्र मीच आणून दिला होता.