खिळेवाली मावशी

माझी मावशी कपडे शिवते, पण गल्लीत तिला सगळे खिळेवाली म्हणतात. तिच्या दुकानासमोरच्या म्हाताऱ्या झाडाला हात लावल्याशिवाय इथलं कुणी कामाला जात नाही. त्याला लोखंड टोचायचं नाही, हा मावशीच्या आजीच्याही आधीपासूनचा नेम. कुणी पाटी ठोकली की ती हातातली शिवण टाकून पक्कड घेऊन धावते. तीस वर्षांत उपटलेले खिळे तिने बटणांच्या डब्यात ठेवलेत. बटण शोधताना माझी बोटं कितीदा सोलली आहेत.

रस्ता रुंद करायचं ठरलं आणि तिचा जीव टांगणीला लागला. दोनशे वर्षांवरचं झाड तोडता येत नाही, असा नियम होता. पण वय सिद्ध करायला हवं होतं. झाडं मोजणारे साहेब दुकानात आले आणि त्यांनी पिशवीतून पेन्सिलीएवढी पोकळ नळी काढली. ती खोडात फिरवत न्यायची, आतून लाकडाची काडी निघते, तिच्यावरच्या रेषा मोजायच्या. वर्षाला एक.

"नळी कशाची?" मावशीने विचारलं.

"लोखंडाची."

तीन दिवस ती मशीनवर बसली नाही. मी म्हणाले, "मावशी, एवढंसं भोक. झाड तर वाचेल."

"तुला काय जातंय बोलायला," ती खेकसली.

चौथ्या दिवशी तिनेच साहेबांना फोन केला. "या. पण नळी मी फिरवणार. परक्याचा हात नको."

तिने नळीचं टोक खोडाला लावलं आणि फिरवायला घेतलं. नळी वीतभर आत गेली आणि एकदम सैल फिरायला लागली. आत झाड पोकळ होतं, म्हातारी झाडं असतात तसं.

साहेबांनी रेषा दोनदा मोजल्या. "एकसष्ट," ते मान खाली घालून म्हणाले. "खरं वय हे नाही, कळतंय मला. पण मोजता येतं तेवढंच लिहिता येतं."

मावशी अडुसष्टची. कागदावर झाड तिच्याहून सात वर्षांनी धाकटं ठरलं. तिला भरीला घातल्याची मला लाज वाटली.

साहेब गेले तरी ती भोकावर बोट दाबून उभीच होती. मी म्हणाले, "घरी चल."

"लोकांचे खिळे पकडीने काढले गं," ती म्हणाली. "हे कशाने काढू?"