यवनाची दोन टाकी

दुपारचे तीन वाजत आले आहेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर मी डोकं टेकवते. उजव्या तळव्याखाली डुंबरे सरांच्या स्मृतिपुस्तिकेची प्रुफं आहेत, पाचपर्यंत छापखान्यात द्यायची. झोप येते का पाहावं म्हणून मी पंख्याच्या फेऱ्या मोजू लागते. अकराव्या फेरीनंतर पंख्याचा आवाज येतो, वारा येत नाही.

"खिलारी, सळई धर."

सर गच्चीवर उभे आहेत. म्हणजे मीही गच्चीवर आहे. सरांना जाऊन वर्ष झालं, हे मला माहीत आहे. त्यांनाही असावं, कारण बोलताना ते मध्ये श्वास घेत नाहीत.

दरवर्षी एकवीस मार्चला आम्ही इथे, जुन्नरात, पृथ्वी मोजायचो. बावीसशे वर्षांपूर्वी एका ग्रीकाने इजिप्तमध्ये मोजली, तशीच. एक मीटरची सळई ओळंबा लावून उभी करायची, माध्यान्हीला सावलीचं टोक खडूने टिपायचं, शेजारी आपली आद्याक्षरं लिहायची. सावंतवाडीला केळुसकरबाई तेच करायच्या. दोन सावल्या आणि मधलं अंतर मिळालं की पृथ्वीचा परीघ निघतो. सरांचा नियम एकच होता: खूण नाही, तर नोंद नाही.

आता ते गुडघ्यांवर बसून फरशी न्याहाळत आहेत. खरं तर खडू आठवडाभरही टिकत नाही. इथे मात्र सगळ्या वर्षांच्या खुणा आहेत.

"मागच्या वर्षीची कुठाय?"

"पुसली गेली असेल, सर. पावसाने."

"ही बघ घाणेकरची, बारा वर्षांपूर्वीची. कोंबडीच्या पायासारखं अक्षर, पण आहे. पावसाने काय तुझीच तेवढी निवडून पुसली?"

"चौतीस पूर्णांक आठ सेंटिमीटर. मी फोनवर सांगितलं होतं."

"सांगितलंस खरं."

त्या दिवशी अवकाळी ढग होते. सर दवाखान्यात होते आणि आकड्याची वाट पाहत होते. मी दीड वाजेपर्यंत गच्चीवर बसले. मग सावंतवाडीची सावली आणि पुस्तकातला परीघ घेतला, उलटं गणित केलं आणि सावली किती पडायला हवी होती ते काढलं. सर फोनवर हसले. आठ दिवसांनी गेले. पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर तो आकडा आता 'सरांचं शेवटचं मोजमाप' म्हणून छापला जाणार आहे.

मी एक पाऊल मागे घेते आणि पायाखाली कातळ लागतो. गच्चीचा कठडा लेण्याची भिंत झाला आहे. समोर पाण्याची दोन टाकी. सर पलीकडच्या काठावर, माझ्याकडे तोंड करून बसले आहेत. पहिल्या वर्षाच्या सहलीत त्यांनीच सांगितलं होतं: जुन्नरच्या लेण्यांत एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. आणि काही ग्रीक असं मानायचे की मेलेला माणूस तहानलेला येतो आणि त्याला दोन पाणवठे दिसतात. एकाचं प्यायलं की सगळं विसरतं, दुसऱ्याचं प्यायलं की सगळं आठवत राहतं.

"आल्याआल्या फार तहान लागली गं," सर म्हणतात.

"कुठलं प्यायलात?"

"मला ढग आठवतात. खाटेजवळ खिडकी होती. दहा वाजल्यापासून एक कवडसा नव्हता."



"मग हसलात का, सर?"

"तू इतक्या मायेने खोटं बोलत होतीस. म्हटलं, खिलारी आहे, उद्या येऊन सांगेल. उद्या नाही तर परवा. आठ दिवस थांबलो."

पाणी हलत नाही. वर लख्ख ऊन आहे, पण दोन्ही टाक्यांत आभाळ दिसत नाही.

"आता पी," सर म्हणतात. "डावीकडचं. ढग निघून जातील. निवांत छापून टाक."

"आणि तुम्ही?"

"मी इथेच. आठवत."

हात मी पुढे केलेला नाही, तरी तो खाली जातो आहे. बोटं दिसत नाहीत, मग मनगट दिसत नाही.

"सर, डावीकडचं म्हणजे कुणाच्या डावीकडचं? तुमच्या की माझ्या?"

सर हसतात. फोनवर हसले होते, अगदी तसंच.

पंख्याचा वारा लागतो. घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं. उजवा तळवा मनगटापर्यंत ओला आहे, आणि त्याखालचं चौदावं पान फुगलं आहे. एप्रिल आहे, घाम असणार. पण घाम खारट असतो. मी तळव्याला जीभ लावून बघते.

खारट नाही. गार आहे, दगडाची चव आहे.

मी ते पाणी प्यायले, हे मला तेव्हा कळतं. टाकं कुठलं होतं, ते माहीत नाही.

मी पेन उघडते. गच्ची आठवते. दीड वाजेपर्यंत बसले होते, हे आठवतं. आठवतं आहे तोवर चौतीस पूर्णांक आठवर आडवी रेघ मारते आणि ओल्या समासात लिहिते:

ढगाळ. सावली पडली नाही. मृ. खि.