शिट्टीसरांची बसकण

धुकं इतकं दाट होतं की स्वतः मारलेली फक्कीची रेघ शिट्टीसरांनाच दिसत नव्हती. तरी दोरी ताणून, कमरेत वाकून, डब्यातली पांढरी भुकटी सोडत ते मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालले होते. त्या रेघेवर कुणाचा पाय पडला, की मग तो सातवीतला पोरगा असो नाहीतर तपासणीला आलेला साहेब, शिट्टी वाजायचीच.

सर व्यायामशिक्षक. आवाज असा की शाळेला माइकचा खर्च नाही. शिक्षकखोलीत त्यांची खुर्ची भूगोलबाईंच्या शेजारी. "हळू बोला हो, माझ्या नकाशातली बेटं हलतात," असं बाई म्हणायच्या.

बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. शेवटी त्या शुश्रूषागृहात होत्या. जे बरे व्हायचे नाहीत, त्यांना तिथे दुखू न देता, मायेनं सांभाळतात. सर भेटायला जायचे ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून, हातवारे करकरून सामने सांगायचे. कोण जिंकलं, कोण हरलं, कुणी गुडघा फोडून घेतला.

एकदा बाई म्हणाल्या, "सर, फार छान सांगता. आता बसा. आणि गप्प बसा."

सर बसले. बाईंचा डोळा लागला. जाग आल्यावर त्यांनी पाहिलं, सर तिथेच. "आज खरे भेटायला आलात," त्या म्हणाल्या. मग पलीकडच्या खाटेकडे मान वळवून हळूच, "त्या आजोबांजवळ बसायला कुणीच येत नाही हो."

तेच सरांच्या मनात रुतून बसलं. बाईंच्या आठवणीसाठी शाळेनं पैसे उभे करायचं ठरवलं, तेव्हा सर म्हणाले, ज्यांचं कुणी नाही त्यांच्याजवळ बसायला तिथे एक सोबतीण ठेवू. पगार आपण देऊ. सगळ्यांना पटलं. आता सर दौड काढणार, असं जो तो धरून चालला होता.

"दौड नाही. बसायचं," सर म्हणाले. "सगळी शाळा मैदानात, एक तास. बोलायचं नाही, उठायचं नाही. त्यावर लोकांनी वर्गणी लावायची."

हेडबाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चष्मा काढला. "बसण्याचे पैसे कोण देणार? गप्प बसा म्हणून आपण रोज फुकट ओरडतो."

"फुकट ओरडतो म्हणूनच कुणी बसत नाही."

सातवीच्या आयांनी तर हात सैल सोडला. पोरगं तासभर गप्प राहणार असेल तर दुप्पट घ्या, म्हणाल्या. तरी सोबतिणीच्या वर्षभराच्या पगाराला थोडं कमीच पडत होतं. तेव्हा कँटीनमावशी पुढे आल्या.

"पोरांचं सोडा. शिट्टीसर तासभर तोंड मिटून बसले, तर माझा आठवड्याचा गल्ला तुमचा. तोंड उघडलं, तर चहाचा कपसुद्धा नाही."

"गल्ला तयार ठेवा, मावशी."

"मी आधणच ठेवते. उकळी फुटेपर्यंतसुद्धा टिकायचे नाही तुम्ही!"

आणि बसायच्या दिवशी सकाळी, फक्की मारून होताच, त्यांनी सरांच्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

धुकं विरलं, घंटा झाली, शाळा बसली. सर मधल्या वर्तुळात. थोड्या वेळानं एक कुत्रं आलं आणि ओल्या पायांनी रेघेवरून निवांत चालत गेलं. सगळ्यांचे डोळे सरांवर. सरांचा हात गळ्याशी गेला, कान लाल झाले, पण तोंड मिटलेलंच. सातवीत कुणीतरी नाकानं हसलं.

मग हुंदका आला. सातवीतून नव्हे, पार कडेच्या झाडाखालून. हेडबाई. त्या शुश्रूषागृहात एकदाही गेल्या नव्हत्या. निकाल आहे, तपासणी आहे, पुढच्या रविवारी नक्की, असं म्हणता म्हणता तो रविवार राहूनच गेला. आज हाताला काम नाही, तोंडाला बोलणं नाही, तेव्हा त्या रविवारानं त्यांना गाठलं. रुमालात तोंड खुपसलं तरी खांदे हलत होते. पोरं जमिनीकडे पाहायला लागली.

सर तोंड उघडणारच होते. कँटीनच्या दारात मावशींनी बोट उगारलं. सरांनी ओठ घट्ट मिटले.

आणि ते सरकायला लागले. बसल्या बसल्या, तळहात टेकत, ढुंगणावर. मधलं वर्तुळ पुसलं, कबड्डीची रेघ पुसली, धावपट्टीच्या चारही रेघा फरफटत नेल्या. सकाळचं सगळं काम विजारीला लावून सर झाडाखाली पोचले आणि हेडबाईंच्या शेजारी बसले. बस, एवढंच. हळूहळू हुंदके थांबले.

घंटा झाली तशी सातवी उसळली. "सर उठले! सर उठले!"

"कुठे उठले?" मावशी शिट्टी घेऊन आल्या. "धान्याचं पोतं सरकवावं तसे सरकले. सर, बोलला नाहीत, उठला नाहीत. गल्ला तुमचा."

"बाईंचा," सर म्हणाले. एवढ्या गप्पपणानंतर आवाज घोगरा निघाला.

हेडबाई रुमालाची घडी करत होत्या. "त्या सोबतिणीला रविवारची सुट्टी लागेल ना?"

"लागेल की."

"मग रविवारी मी बसेन." दोन पावलं जाऊन त्या वळल्या. "आणि सर, मागून जरा झटका. पोरं हसतील."

सरांनी झटकलं, पांढरा ढग उठला. मधल्या सुट्टीनंतर आठवी-नववीचा सामना होता आणि मैदानाला एक रेघ धड उरली नव्हती. सरांनी टोकाला खुंटी ठोकली, दोरी ताणली, डबा उचलला आणि कमरेत वाकून पहिल्यापासून फक्की मारायला घेतली.