दादा, बोंबले आणि दुपारचा खेळ

बार्शीच्या एसटी स्टँडवर माझ्या थोरल्या भावानं, दादानं, माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, पण टेपरेकॉर्डर काखेतून सोडला नाही. "पेटी ने. हे बोंबले हितंच ऱ्हाऊ दे, म्हंजे त्यांच्यासाठी तरी परत येशील," म्हणाला. बोंबले म्हणजे माझा लाडका परदेशी रॉक बँड. त्यांचं खरं नाव घरात कुणाच्या तोंडात बसलं नाही. मी रागानं गाडीत बसलो आणि वळून पाहिलं नाही.

बार्शीहून सोलापूरला येणं हे कसलं स्थलांतर, असं दुबईला गेलेले आमचे मित्र विचारतील. पण बैलांची दलाली करणाऱ्या घरातला पोरगा कापडात शिरला, हे आमच्याकडे समुद्र ओलांडण्यासारखंच होतं. चादरींचे गठ्ठे वाहिले, मग फिरून विकले, मग दुकान टाकलं. घर बांधलं. दादा वास्तुशांतीला आला नाही, नंतरही कधी उंबरा चढला नाही. "धाकट्यानं आमची लाइन सोडली," एवढंच गावभर सांगत राहिला. हे मी विसरलेलो नाही. दुकानात माझा आवाज चढतो, त्यातला निम्मा राग दादावरचा असतो.

गेल्या आठवड्यात बोंबल्यांच्या मैफलीचा चित्रपट सोलापुरात लागला. एकच खेळ, तोही दुपारचा. मी दादाला फोन लावला.

"येतो की," तो म्हणाला. "बघू तरी, काय येवढं हाय त्यांच्यात."

आला. थिएटरचा मॅनेजर म्हणाला, "चारच जण आहेत, शो रद्द." माझं डोकं सणकलं, पण आवाज गिळला. दहा माणसं झाली तर लावतो, असं त्याच्याकडून वदवून घेतलं. वर आवाज पूर्ण सोडायचा, हेही ठरवून घेतलं. मग दुकानातले सगळे हमाल बोलावले.

"हमाल घेऊन शिनेमा बघतंय!" दादा हसला.

चित्रपटात बोंबले आपल्याच गावी वाजवायला परतलेत. बंद पडलेल्या गिरणीशेजारचा हॉल, आणि समोर हाताची घडी घालून उभे गाववाले. गाणाऱ्याचा वरचा सूर आता लागत नाही. तिथं तो मागे सरकतो आणि गिटारवाला ती जागा भरून काढतो. ड्रमवाल्याच्या बोटांना पट्ट्या. कुठं रोषणाई नाही, धूर नाही. कॅमेरा नुसता चेहऱ्यांवर थांबतो, आणि ते घामेजलेले म्हातारे जीव तोडून वाजवत राहतात. कॅसेटवर मी हे सगळं हजारदा ऐकलं होतं, पण त्यांना इतकं अडलेलं कधी ऐकलं नव्हतं. मला खुर्चीत बसवेना.

"गावचीच माणसं हात बांधून उभी हायत की," दादा कानाशी म्हणाला. "परगावची असती तर नाचली असती."

"व्हय."

"मग हितं कशाला आलं मरायला?"

 

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "घरी चल. चार दिवस राहा."

दादानं खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. बैलबाजारात भाव असाच होतो. उपरण्याखाली बोटं दाबायची, बघणाऱ्याला आकडा कळू द्यायचा नाही. त्यानं माझं एक बोट धरलं, म्हणजे एक दिवस. मी त्याची तीन दाबली. त्यानं पुन्हा एकच. मी दोनवर आलो आणि अडून बसलो. हमाल टकामका बघत होते. दादाची पकड अजून तशीच होती, सुटेना आणि वाढेना. शेवटी मीच सैल पडलो.

"आजची रात," तो म्हणाला. "सकाळच्या गाडीनं जाणार."

तो उंबरा चढला, जेवला, भिंती हातानं ठोकून पाहिल्या आणि सकाळी गेला. तेव्हापासून मी दुकानात नीट टेकत नाही. सोलापुरात माझा भाव कुणी पाडू शकत नाही. ज्याला पाडता येतो तो बार्शीला राहतो, आणि घर म्हटलं की मला आता विटा-सिमेंट आठवत नाही, ती पकड आठवते. येत्या रविवारी मी बार्शीला चाललोय. मुक्कामाचा भाव करताना तीन बोटांखाली उतरणार नाही.