ओदिलियाच्या नावाचा जीवाणू

मिनास प्रांताच्या डोंगरातल्या आमच्या गावात शेतकी प्रयोगशाळा आहे. दोना ओदिलिया, म्हणजे ओदिलियाबाई, तिथं काचेच्या बशा धुवायला लागली, त्याच साली मी तंबूतली नाटकं सोडून तिच्या शेजारी राहायला आलो. बशा धुता धुता ती सगळं शिकली. झुडूप उपटायचं, मुळावरची मोहरीएवढी गाठ चिरून आत गुलाबी आहे का बघायचं, आणि झाडाला हवेतला नत्र भरवणारा आतला जीवाणू बशीत वाढवायचा.

अकरा वर्षांपूर्वी लाजाळूच्या जातीच्या एका झुडपात तिला निराळाच जीवाणू सापडला. बाकीच्यांचा ठिपका बशीत तीन दिवसांत दिसतो, याला नऊ लागत. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर एव्हाल्दो म्हणाले, "नवा ठरला, तर याला तुझंच नाव देणार." ओदिलियाला मूलबाळ नव्हतं. महिनाभर ती गुणगुणत होती.

दोन वर्षांत तो डोंगर खाणीत गेला. पुढं एकदा सहा दिवस वीज नव्हती, तेव्हा शीतपेटीतले त्याचे नमुने मेले. उरला तो फक्त ओदिलियाच्या बशीतला. तेव्हापासून तिनं यंत्रावर भरवसा ठेवला नाही. दर तिसऱ्या सोमवारी तारेचं टोक ज्योतीवर लाल करायचं, निववायचं आणि त्यानं जीवाणू उचलून ताज्या अन्नाच्या नव्या बशीत न्यायचा. कार्निव्हलच्या सोमवारीसुद्धा.

"नवऱ्याला एवढं जपलं नसतंस," मी चिडवायचो.

"नवरा वर नावं ठेवतो, सेउ जेनेझियो. हा गुपचूप खातो."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्यावर लेख लिहून शास्त्रीय मासिकाला पाठवला. परीक्षकांनी एकच मागणी केली. हा गाठीत चुकून शिरलेला उपरा नाही कशावरून? पुन्हा मुळावर गाठी धरवून दाखवा.

त्याच डोंगरावरचं त्या झुडपाचं जपलेलं बी ओदिलियानं भाजून निर्जंतुक केलेल्या वाळूत पेरलं. सहा कुंड्यांत तिचा जीवाणू घातला, सहांत ओळखीचा दुसरा. महिन्यानं मी बघायला गेलो, तर तिची सहाही रोपं पिवळी.

"पाणी कमी पडतंय का ग?"

"पाणी नाही. उपाशी आहेत."

पन्नासाव्या दिवशी डॉक्टरांसमोर तिनं बादलीत मुळं धुतली. दुसऱ्या सहांवर गाठी लगडल्या होत्या. तिची मुळं सुतळीसारखी गुळगुळीत. तिनं भिंग मागितलं, मग ते न वापरताच परत दिलं.

"बशीत आयतं मिळत राहिलं," डॉक्टर म्हणाले, "की काहींची गाठ धरायची विद्या जाते. किंवा याला ती कधी नसेलच."

"यातलं कुठलं?"

"आता कळणार नाही. डोंगरच नाही."

"म्हणजे मीच खाऊ घालून घालवली असेल."

"गोठवून ठेवला असता, तर..."

"तुमची शीतपेटी बंद पडली होती, डॉक्टर."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

आमच्या तंबूत सिदालिना नावाची नटी होती. शेवटी शेवटी ती नटूनथटून रंगमंचावर यायची, गोड हसायची, आणि तिला एकही वाक्य आठवायचं नाही. पडदा ओढायचं काम माझ्याकडे असे. त्या बशीकडे बघताना मला ती आठवली. ओदिलियाला मी हे सांगितलं नाही.

बशी बदलायच्या सोमवारी गेलो, तर तारेचं टोक ज्योतीवर लाल झालेलं.

"आता कशाला?"

"जिवंत आहे हो. टाकू कुठं?"

तिनं त्याला नव्या बशीत नेलं, झाकण घातलं. इतकी वर्षं ती झाकणावर पेन्सिलीनं त्याचं ठरलेलं नाव लिहायची. या वेळी तिनं नुसता आकडा घातला.