सुहासरावांचा काचेतला समुद्र

सहल संपते, पण तिचे किस्से घरी आल्यावर वाढतच जातात. आमची दोन कुटुंबं इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावरून परतली, तेव्हापासून शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा विषयच नाही. आणि प्रत्येक किश्शात हिरो एकच, आमचे शेजारी सुहासराव!

सुहासरावांनी इतकी वर्षं समुद्र पाहिला तो गाडीत बसून. काचा बंद, एसी फुल! इकडची पद्धतच आहे ती. चहाच्या दुकानासमोर गाडी लावून हॉर्न द्यायचा. आतून चाचा हात वर करून ओरडतो, "दो मिनट, हबीबी!" आणि कडक चहा खिडकीत हजर.

आता ते रिटायर होऊन कायमचे पुण्याला चाललेत. मेधावहिनींनी बजावलं, "अहो, पुण्यात कुठला आलाय समुद्र? एकदा तरी माझ्याबरोबर पाण्यात पाय बुडवा."

"इन्शाल्ला," सुहासराव म्हणाले. या इन्शाल्लाचा अर्थ 'देवाची इच्छा असेल तर' नाही, 'विसरा आता' असा होतो, हे वहिनींना चांगलंच ठाऊक होतं!

*

अमाल्फीचा रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. सुहासरावांनी सवयीने सगळ्यात मोठी गाडी भाड्याने घेतली. पहिल्याच वळणावर समोर बस! बसचा ड्रायव्हर उतरला, त्याने सुहासरावांना खाली उतरवलं आणि आमची गाडी स्वतःच रिव्हर्स घेऊन दिली.

"काय सर्व्हिस आहे!" सुहासराव खूश.

*

एका गावात त्यांनी कॅफेसमोर हॉर्न दिला. आम्ही सगळे गाडीतच! एक आजीबाई बाहेर आल्या. सुहासरावांनी काच खाली केली, "फोर टी, लेस शुगर."

आजीबाईंनी शांतपणे गाडीचं दार उघडलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

माझी मुलगी सानिका मागून म्हणाली, "अंकल, शी वोन्ट कम टू द कार. यू हॅव टू गो टू हर."

*

बीच आला की सुहासराव सावली शोधायचे. स्वतःला नाही, गाडीला! "उन्हात लावली तर स्टिअरिंगला हात लावता येणार नाही." बाहेर गार वारा, आमच्या अंगात स्वेटर. सावली मिळायची नाही, बीच मागे पडायचा.

"मला समुद्र दाखवायला आणलंत की पार्किंग?" वहिनींचा आवाज जड झाला होता. मलाही वाईट वाटलं. ही माणसं आता आमच्या शेजारी नसणार, हे तिथे पहिल्यांदा जाणवलं.

*

शेवटच्या दिवशी वहिनींनी किल्ली स्वतःकडे घेतली. गाडी भर उन्हात उभी केली आणि सरळ खाली पाण्याकडे निघाल्या.

"अगं, तापेल!"

"तापू दे."

नाइलाजाने सुहासराव मागोमाग गेले. पँट दुमडली, वहिनींचा हात धरला आणि पाण्यात उतरले. बराच वेळ दोघं तशीच उभी होती.

एअरपोर्टची वेळ झाली. वहिनी वर आल्या, सामान लागलं, आम्ही सगळे गाडीत बसलो. सुहासराव अजून गुडघाभर पाण्यातच.

वहिनींनी हॉर्न दिला.

सुहासरावांनी मागे न बघताच हात वर केला, "दो मिनट, हबीबी!"