आधी सवाल, मग जवाब

तो तर्जनी वर करायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "आधी सवाल, मग जवाब."

मंडळी, हा आमच्या बीदरच्या तहसील कचेरीतला पेशकार. साक्षीदारांच्या जबान्या तहसीलदारापुढे मोठ्याने वाचायच्या, हे त्याचं काम. आधी प्रश्न, मग उत्तर. दोन्ही उर्दूत, खड्या आवाजात. आयुष्य त्यातच गेलेलं. बायकोने "भाकरी वाढू का?" विचारलं, तरी तो तिचाच प्रश्न तिला वाचल्यासारखा ऐकवायचा, मग "व्हय" म्हणायचा. तोवर भाकरी निवायची.

निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीत उर्दूच्या खुर्चीवर इंग्रजी येऊन बसली. हुकूम निघाला: नव्या साहेबापुढे इंग्रजीत तोंडी परीक्षा. नापास होईल त्याने चपराशी व्हावं, नाहीतर घरी बसावं. याची मन्नाएखेळ्ळी गावची जमीन भावांनी कधीच गिळलेली. जिथे जबान्या वाचल्या, तिथेच आता पाण्याचे पेले फिरवायचे? त्याला अन्न गोड लागेना.

मी तेव्हा तरुण कारकून, मॅट्रिक पास, त्यात नाटकाचा नाद. मधल्या सुट्टीत कचेरीमागच्या चिंचेखाली मी साहेब होऊन त्याची इंग्रजीची तयारी करून घ्यायचो. उसनी आणलेली हॅट कानांपर्यंत यायची. मी इंग्रजीत नाव विचारलं, की बोट वर. तो माझा प्रश्न घोळून म्हणायचा, मग नाव सांगायचा.

"अप्पा, साहेबाचा सवाल साहेबालाच कामून सांगायलाव?"

"सवालाबिगर जवाब म्हंजे मुंडक्याबिगर धड," तो म्हणाला. "कुणाचं म्हणून वळखायचं रे?"

मी त्याचा हात उपरण्याने कमरेला बांधला. तर हनुवटी वर झाली.

परीक्षेच्या दिवशी मी बांबूच्या चिकाच्या पडद्याला कान लावून उभा. साहेबाने नाव विचारलं. याने तो प्रश्न परत म्हटला, मग नाव. साहेबाने गाव विचारलं. पुन्हा तेच. आतली खुर्ची करकरली. साहेबाने टेबलावर हात आपटला आणि विचारलं, माझी नक्कल करतोस?

मी डोळे मिटले. कारण आता काय होणार, ते मला माहीत होतं.

"माझी नक्कल करतोस?" तो खणखणीत इंग्रजीत म्हणाला, आणि मग, "नाही, साहेब."

आतली खुर्ची पुन्हा करकरली. साहेबाने हळू विचारलं, मग असं का? तेही याने परत म्हटलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की जन्मभर असंच वाचत आलो, साहेब. तोंडाला दुसरी वाट ठाऊक नाही.

काही विचारायचंय का, असं साहेब म्हणाला. मी फटीतून पाहिलं. बोट वर झालेलं होतं. मी न शिकवलेलं वाक्य त्याने स्वतः जुळवलं: "साहेब, मी इथे राहीन?"

आणि ते बोट खाली येईना.

साहेब त्या बोटाकडे पाहत राहिला. मग त्याने पेन ठेवलं, सावकाश स्वतःची तर्जनी वर केली, आणि म्हणाला, "मी इथे राहीन?" मग म्हणाला, "राहशील."

तो राहिला. पुढे भाषेवरून राज्याची वाटणी व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याने अंथरूण धरलं. मी नौबादला त्याच्या घरी गेलो, उशाशी बसलो.

"कसं हाय, अप्पा?"

बोट वर झालं. घसा साफ झाला. "कसं हाय, अप्पा?" शब्द न् शब्द स्पष्ट.

मग त्याने डोळे मिटले, आणि बोट हळूच अंथरुणावर पडलं. बायकोने चहा आणला, तो निवला. मी त्या बोटाकडे बघत जवाबाची वाट पाहत बसलो.